माशी आधी कुठं बसली होती

मला किळस यायची, हे आधीच सांगून टाकते. ते लपवलं तर पुढचं सगळंच खोटं होईल.

मॅट्रिक झाल्यावर वर्ष-सव्वा वर्ष मी कळव्याला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात, बायकांचा साक्षरता वर्ग घेत होते. देश नुकता स्वतंत्र झाला होता. मोठ्या माणसांनाही अक्षरओळख करून द्यायचं सरकारनं मनावर घेतलं होतं, आणि मला लग्न ठरेपर्यंत घरात बसून राहायचं नव्हतं. दुपारची जेवणं उरकली की ठाण्यातल्या आमच्या आळीतून मी निघायची आणि पूल ओलांडून चालत जायची. पुलावर वारा असे, तोवर बरं वाटे. पूल उतरला की वास सुरू होई.

आमच्या घरात मासळीचं नावसुद्धा कुणी काढत नसे. त्यामुळे तो वास मला सवयीचा नव्हता, आणि सवय करून घ्यायची माझी इच्छाही नव्हती. वाटेच्या दोन्ही बाजूंना चटयांवर जवळा वाळत घातलेला असे, म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. त्यावर माश्यांचा नुसता थर. जवळून गेलं की त्या एकदम उठत, तोंडावर आपटत, आणि परत खाली बसत. मी पदर नाकाशी धरून चालायची आणि वर्गाची ओसरी दिसली की तो खाली सोडायची. बायकांच्या हे लक्षात येत नसेल, अशी माझी समजूत होती. त्यांनी दिलेलं पाणी मी कधी प्यायले नाही. उपास आहे म्हणायची. घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुऊन वर लिंबाची साल चोळायची.

वर्गात आठ-दहा बायका येत. सगळ्यांत मोठी साठीची होती. ताठ कण्याची, काळी कुळकुळीत, आवाज बाजारात कमावलेला. तिची सून सगळ्यांत लहान होती, विशीचीसुद्धा नसेल. सून भराभर अक्षरं उचलायची आणि कधी काही बोलायची नाही. सासूला एकही अक्षर धड वळत नव्हतं, पण बोलणं थांबत नसे.

नवरात्र होऊन गेलं होतं आणि आभाळ भरून राहिलं होतं. त्या हवेत जवळा नीट वाळत नाही, खराब होतो. एके दिवशी म्हातारी आली ती मूठ पुढे करूनच. तिनं माझ्यासमोर, उघड्या पुस्तकावर, मूठ रिकामी केली. ओलसर, तांबूस जवळा होता. तो हलत होता. नीट बघितलं तर जवळा हलत नव्हता. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या.

मी किंचाळून पाट मागे सरकवला. बायका हसल्या. म्हातारी हसली नाही.

"बाय, तू शिकलेली हाईस," ती म्हणाली. "मना यक सांग. या अल्या कठशी येतान?"

ती 'ळ'चा 'ल' करायची. अळ्या कुठून येतात, एवढंच विचारत होती. मी पुस्तक झटकत म्हणाले, "घाणीतून येतात. घाण झाली की किडे होतात."

"परवा तर ताजा व्हता. आमी घान केली का त्यात?"

"कुजलं की आपोआप होतात."

"आपोआप म्हंजी कशी? तुजी आय पोली लाटतं, ती कुजली तर तिची अली व्हते का?"

मला राग आला. माझ्या आईच्या पोळीचं नाव या बाईनं अळ्यांबरोबर घ्यावं! बाकीच्या बायका आपापलं सांगू लागल्या. एक म्हणाली, ढगातून पडतात, म्हणून तर आभाळ आलं की होतात. दुसरी म्हणाली, कुणाची तरी नजर लागते. म्हातारीनं दोघींना उडवून लावलं आणि ती माझ्याच तोंडाकडं बघत राहिली.

घरी येऊन मी माझी शाळेची पुस्तकं काढली. आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात एक वाक्य मीच पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं सापडलं: माश्यांमुळे रोगांचा प्रसार होतो. ते मी घोकलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, गुण मिळवले होते. माशी म्हणजे काय करते, कुठून येते, कुठं जाते, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. अळ्यांबद्दल पुस्तकात एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रामाणिकपणे सांगितलं, "मला माहीत नाही."

मास्तरीण असं म्हणू शकते, हे बायकांना नवीन होतं. मग सून पहिल्यांदा बोलली, तेही पाटीकडं बघत.

"मग बघू या ना."

"काय बघायचं?"

"यक मडकं उघडं ठेवायचं, यक झाकायचं. कठं व्हतात ते बघायचं."

कल्पना तिची होती, हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढं कित्येक वर्षं मी ती माझी म्हणून सांगत आले.

ओसरीच्या मागं, कुडाच्या सावलीत, दोन लहान मडकी ठेवली. दोन्हींत सकाळच्याच मासळीचे तुकडे. एक उघडं, दुसऱ्यावर झाकणी घालून कडेनं ओली माती लिंपली. रोज वर्ग सुरू होण्याआधी बघायचं आणि काय दिसलं ते पाटीवर लिहायचं, असं ठरलं. बघायचं काम मास्तरणीचं, असंही त्यांनीच ठरवलं.

तिसऱ्या दिवशी मी उघड्या मडक्यात डोकावले. आत मासळी दिसतच नव्हती. एकमेकींवर चढणाऱ्या, घसरणाऱ्या, परत चढणाऱ्या पांढऱ्या अळ्यांनी मडकं उकळत होतं. खाली राखाडी, दाट पाणी. आणि एक आवाज येत होता, ओल्या भातात बोटं फिरवल्यासारखा. मी दोन पावलं मागं आले आणि तिथंच, सगळ्यांसमोर, ओकले.

कुणी हसलं नाही. म्हातारीनं माझं कपाळ तिच्या खरखरीत तळव्यानं धरून ठेवलं. त्या हाताला मासळीचा वास होता, त्यानं मला आणखी एकदा उलटी झाली. तिनं हात काढला नाही.

"वक, वक," ती म्हणाली. "आमाना बी वास येतो गो. आमची काय नाकं नाईत?"

पदराचं तिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं तर. मी मान वर केली नाही.

मग झाकलेलं मडकं फोडलं. आतल्या दुर्गंधीनं डोळ्यांत पाणी आलं. मासळी सडून हिरवट लगदा झाली होती. पण अळी एकही नव्हती. सुनेनं काडीनं ढवळून ढवळून बघितलं. एकही नाही.

"म्हणजे कुजल्यामुळं होत नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच असावा. इतक्या घाणीत उभी राहून मला आनंद कसा झाला, त्याचं मलाच नवल वाटलं.

म्हातारीनं मान हलवली. "नाय. त्यात वाराच नाय गेला. वाऱ्याबिगर जीव कसा व्हईल? तूच मडक्यात बसून बघ."

मी तिच्याकडं बघतच राहिले. जिला आठ महिन्यांत 'अ' काढता आला नव्हता, तिनं आमच्या सगळ्या खटाटोपातली चूक एका वाक्यात दाखवली होती.

तेव्हा पुन्हा मांडलं. यावेळी तीन मडकी. एक उघडं, एक लिंपलेलं, आणि तिसऱ्याच्या तोंडावर पातळ कापड ताणून बांधलेलं, म्हणजे वारा आत जाईल. कापड मी घरून नेलं. वडिलांच्या विरलेल्या धोतराचा तुकडा होता. तो कशाला वापरला ते आईला कळलं, तेव्हा तिनं मला दोन दिवस स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही.

कापडाच्या मडक्यावर माश्या तुटून पडल्या. आतला वास त्यांना येत होता, आत जाता येत नव्हतं. हिरव्या-निळ्या चकचकीत, जाड माश्या कापडावर नाचत होत्या. सून त्यांच्यापुढं उकिडवी बसून राहिली. नाक बंद नाही, पदर नाही, डोळा हलू न देता. एकदम तिनं सासूला हाक मारली.

"आये, हे बघ. माशी काय टाकतं!"

आम्ही सगळ्या वाकलो. एक माशी मागचा भाग धोतराच्या विणीत खुपसून बसली होती आणि तिच्यामागं बारीक, पांढरे, लांबट कण चिकटत जात होते. रव्याहूनही बारीक. असले कण म्हातारीनं आयुष्यभर ओल्या जवळ्यावर बघितले होते.

"आमी याना मिठाचं कन समजत व्हतो," ती हळूच म्हणाली. "मीठ म्हनून खाल्लं बी असल."

दुसऱ्या दिवशी त्या कणांतून कापडावरच अळ्या निघाल्या आणि वाट न मिळाल्यानं वाळून मेल्या. मडक्यात एकही नव्हती. वारा आत गेला होता, तरी नव्हती. त्या दिवशी सुनेनं पाटीवर लिहिलं, 'झाकल्यात अळी नाही'. माझ्या वर्गातलं, मी न सांगता लिहिलं गेलेलं ते पहिलं वाक्य. 'ळ' तिनं बरोबर काढला होता.

त्याच आठवड्यात वर्ग तपासायला साहेब आले. पांढरी पँट, काखेत कागदांचं भेंडोळं. त्यांनी पाटी वाचली, मग मागची मडकी बघितली आणि रुमाल नाकाशी नेला. मी नेत असे तसाच.

"हा काय प्रकार आहे? पुस्तकात 'कमळ' आहे, 'नमन' आहे. अळी कुठून आली?"

"तोच तर प्रश्न आहे, साहेब," मी म्हणाले.

त्यांना ते आवडलं नाही. "या बायकांना सही करता आली की तुमचं काम संपलं. हे शोध-बिध कॉलेजात. इथं आधीच घाण काय कमी आहे?" हे त्यांनी बायकांसमोर म्हटलं, मोठ्यानं, त्या बहिऱ्या असल्यासारखं.

आणि मग ते वस्तीच्या प्रमुखाकडं जेवायला बसले. मलाही शेजारी, मासळीविना, भात-दही वाढलं होतं. साहेबांनी तळलेली कोळंबी हातानं सोलली, डोकी चोखली, बोटं एकेक करून चाटली, रस्सा मागून मागून घेतला. एक जाड हिरवी माशी त्यांच्या भाताच्या कडेला बसली आणि पाय चोळू लागली. त्यांनी ती हातानं उडवली आणि नेमका तिथलाच घास उचलला. ती माशी तिथं काय ठेवून गेली असेल, हे त्या घरात त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. मी बोलू शकले असते. बोलले नाही. ज्यांना घाणेरडं म्हटलं त्यांच्याच ताटातलं इतक्या मजेत चोखणाऱ्या त्या तोंडाची मला अळ्यांपेक्षा जास्त शिसारी आली. माझ्या दही-भाताला मी हात लावला नाही. बायकांना वाटलं, उपासच.

पुस्तकच शिकवा, असा लेखी हुकूम आला. मी अर्धा वेळ पुस्तक शिकवलं. उरलेल्या वेळात बायका प्रश्न विचारत. मिठानं मासळी का टिकते, भरतीचं पाणी रोज उशिरा का येतं, उन्हात मडक्यातलं पाणी गार कसं होतं. मला बहुतेकांची उत्तरं येत नव्हती. काहींची मी शोधून आणली.

एका दुपारी वर्ग सुटल्यावर सून मागं थांबली.

"बाय, माशी आमच्या जवल्यावर येन्याआधी कठं बसली व्हती?"

मी काही बोलायच्या आत तिनं हात लांब केला. वस्तीपासून फर्लांगभरावर, खाडीच्या कडेला, खड्डे खणलेले होते. पूल ओलांडून मैल्याच्या गाड्या रोज सकाळी तिथं येऊन रित्या होत. मी ते येता-जाता बघत होते आणि इथल्याच लोकांची घाण म्हणून नाक दाबत होते. पण त्या वस्तीत संडासच नव्हते. गाड्या कुणा ठेकेदाराच्या होत्या, आणि त्यांतला मैला आमच्या ठाण्यातल्या टोपल्यांच्या संडासांचा होता. आमच्या आळीचा. आमच्या घरामागच्या बोळात पहाटे एक बाई येई, टोपली ओढून काढी आणि डोक्यावर घेऊन जाई. ती पुढं कुठं नेते, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. लिंबाची साल चोळून मी ज्या वासापासून स्वतःला धुऊन घेत होते, त्यात माझाही वाटा होता.

"तिथं बसली होती," मी म्हणाले.

"मंग तिथशी भातावर बसली तर?"

आरोग्यशास्त्रातलं वाक्य मला येत होतं. मी ते धडाधड सांगितलं. माशीच्या पायांना घाण चिकटते, ती अन्नावर येते, अन्नातून पोटात जाते, त्यातून हगवण, पटकी. उत्तर येतंय याच्या आनंदात मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माजा पोर श्रावनात हगवनीनं गेला. दीड वर्साचा व्हता. भात कालवून ठेवलेला, मी पानी भरायला गेलेली. झाकला नव्हता."

मला हे ठाऊक नव्हतं. आठ महिने ती माझ्यासमोर बसत होती आणि मी कधी विचारलं नव्हतं. त्यामुळंच गेला असं नाही, असं काहीतरी मी पुटपुटले.

"तसंच आसल," ती म्हणाली. "आपोआप तर काय व्हत नाय."

ती पाटी घेऊन निघून गेली. मी घरी गेले. रात्रीच्या जेवणाला वडिलांच्या पानातल्या आंबट वरणावर माशी बसली. आमचा मैला कुठं जातो हे तुम्हाला माहीत आहे का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "जेवताना काय हे बोलणं! तो वर्ग बंद कर."

वर्ग मी बंद केला नाही. एक अर्ज लिहिला, खाली नऊ बायकांनी सह्या केल्या. म्हातारीनं अंगठाच लावला, आणि तोही इतका जोरात की कागद फाटला. अर्जाचं उत्तर आलं नाही. महिनाभरानं बायकांनीच ठरवलं. एका सकाळी त्या गाडीवाटेवर आडव्या उभ्या राहिल्या. गाडी हाकणारे त्यांच्यासारखेच गरीब. त्यांनी मुकाट्यानं बैल थांबवले. ठेकेदाराला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा म्हातारी मासळीची टोपली घेऊन पुढं झाली आणि अळ्या पडलेला जवळा तिनं त्याच्या बुटांवर ओतला.

"तुज्या गाडीतला माल. परत घे," ती म्हणाली.

हे मी पुलाच्या तोंडाशी उभी राहून बघितलं. जवळ गेले नाही. वडिलांना कळेल ही भीती होती, पण खरं म्हणजे वारा माझ्या दिशेनं होता. ठेकेदार बूट झटकत नाचत होता, ओरडत होता, "कुठंतरी टाकावंच लागणार ना!" बायका हलल्या नाहीत. तीन दिवस रोज उभ्या राहिल्या. चौथ्या दिवसापासून गाड्या तिथं आल्या नाहीत.

माश्या कमी झाल्या. बायकांनी जवळा जमिनीवरून उचलून बांबूच्या माचावर घातला, वर बारीक आसाची, म्हणजे दाट विणीची, जुनी जाळी ताणली. अळ्या अगदी गेल्या नाहीत, पण एखाद्या ढगाळ आठवड्यात अख्खा माल फेकावा लागे, ते थांबलं. मला फार अभिमान वाटला. मग आठवड्याभरानं कळलं की गाड्या खाडीच्या काठानंच आणखी मैलभर पुढं जाऊन दुसऱ्या एका पाड्याच्या अंगाला रित्या होतात. तिथं मिठागरात राबणारी घरं होती.

सुनेनं मला विचारलं, "तिकडं वर्ग हाय का?"

"नाही."

"मंग तू जाशील ना, बाय?"

बघते म्हणाले. त्या उन्हाळ्यात मला डोंबिवलीच्या एका शाळेत नोकरी लागली. पुढं मी विज्ञान शिकवू लागले. मुलांना अधोरेखित वाक्यं पाठ करायला लावणाऱ्या शिक्षकांचा मला मनापासून तिटकारा होता, आणि तो मी बोलूनही दाखवत असे. मिठागराच्या पाड्यावर मात्र मी कधीच गेले नाही.

चार-पाच वर्षांनी ठाण्याच्या बाजारात ती सून जवळा विकताना दिसली. अंगानं भरली होती. कडेवर एक मुलगी होती, गुटगुटीत. सासू गेल्याचं तिनं सांगितलं. मी विषय टाळायच्या आत तिनंच पाड्याचं काढलं.

"मीच जातंय तिकडं. पयल्यांदा बायांनी मना हाकलून दिलं. म्हनाल्या, आमच्या मिठाला नावं ठेवतं. दुसऱ्यांदा गेली तवा कुत्रा सोडला."

"मग?"

"मंग काय. तिसऱ्यांदा गेली. यकीनं बस म्हटलं."

एवढं बोलून तिनं गिऱ्हाइकाकडं तोंड वळवलं. मुलगी माझ्या पिशवीकडं हात लांबवत होती. तिच्या बोटांना जवळ्याचा वास होता. मी पाऊलभर मागं सरकले. सुनेनं ते बघितलं आणि मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.